दाजींच्या मापाचा सूट

मु. पो. सिद्धेश्वर, ता. औंढा
१८ नोव्हेंबर २००१

शिवहारमामा, नमस्कार.

पत्राच्या सुरुवातीला आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायचं असतं. आई खुशाल आहे, म्हैस खुशाल आहे, मीही आहे. बाबांचं मात्र तसं नाही. दिवाळीच्या आधी मच्छीमार सोसायटीचं मोठं जाळं तळाच्या बाभळींत अडकलं. धरणात बुडालेल्या त्या बाभळी अजून खाली उभ्या आहेत. बाबा जाळं सोडवून वर आले तेव्हा कानातून रक्त येत होतं. हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याला भोक पडलंय. थंड पाणी आत गेलं की डोकं फिरणार, वर कुठं आणि खाली कुठं ते कळणार नाही.

बाबा ऐकणारे नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. जाळ्याचं एक वेळ सोडा, पण कुणी बुडालं की लोक आपल्याच दाराशी येतात. बुडालेल्याला काढायला नाही म्हणायचं नाही आणि त्याचं काही घ्यायचं नाही, ही घरची रीत. पणजोबांपासून चालत आलेली. बाबा म्हणतात, "आपुन न्हाई गेलो तर त्या मायबापानं कुणाकडं जावं?"

तुम्ही मुंबईत गोदीतल्या पाणबुड्यांचे सूट शिवता. "कळमनुरीत पँटी शिवणारा माझा भाऊ रबर शिवून राहिला," असं म्हणून आई अजून हसते. आता काम तुमच्याशीच पडलं. बाबांसाठी एक सूट हवा. औंढ्याचा हरिचंद टेलर म्हणतो, ट्रॅक्टरची ट्यूब कापून जॅकेट करून देतो, नाहीतर रेक्झिनचं शिवतो, थेंबभर पाणी आत येणार नाही. तुम्ही सांगा, कशाचा बरा?

तुमची भाची
रागिणी


माझगाव, मुंबई
३० नोव्हेंबर २००१

चि. रागिणी,

आशीर्वाद. तुझं पत्र लवकर मिळालं. माझी पत्रं तुम्हाला उशिरा मिळतात, कारण हात अजून पाकिटावर जिल्हा परभणी लिहितो. हिंगोली जिल्हा होऊन किती दिवस झाले, पण लागलेलं वळण जात नाही.

पहिली गोष्ट, हरिचंदला सांग की ट्यूब ट्रॅक्टरलाच राहू दे. ट्यूबच्या रबराला ऊब नसते. गमबूट घालून चिखलात उभी राहा, पाय कोरडा राहतो पण गारठतोच की नाही? आणि रेक्झिन तर हात वर करायलाही द्यायचं नाही. पाणी आत येऊ न देणारं कापड शोधत बसू नकोस. आमच्या सूटमध्ये पाणी येतं! इथं नवीन आलेल्या पोरांना हे सांगितलं की तीही माझ्याकडे वेड्यासारखी बघतात. अगदी पातळ पाणी आत येतं, कातडीला चिकटून बसतं, अंगाच्या उष्णतेनं कोमट होतं आणि तिथंच राहतं. बाहेरचं गार पाणी मग लांब राहतं.

ते आत अडवून धरणारं कापड म्हणजे निओप्रिन. रबरच आहे, पण आत बारीक बारीक बुडबुडे भरलेले. ऊब त्या बुडबुड्यांची. गोधडीची ऊब कशाची? चिंध्यांची थोडीच, त्यांच्या मधल्या हवेची. तसंच हे.

आता निओप्रिनमध्येही दोन जाती. एकाला दोन्ही बाजूंना नायलॉनचं कापड चिकटवलेलं असतं. ते दणकट, ओढाताण सोसतं. दुसऱ्याला फक्त आतून कापड, बाहेरून उघडं गुळगुळीत रबर. ते अंगाला जास्त बिलगतं, जास्त गरम, पण नखानंही फाटतं. जाडी तीन मिलिमीटरची घ्या, नाहीतर पाचची.

आणि दुसरी गोष्ट, जी पहिली लिहायला हवी होती. सूट अंग गरम ठेवील, कानाचं भोक बुजवणार नाही. दाजींना पाण्यात जाऊ देऊ नका. मी लहान भाऊ, अक्काला काय सांगणार? पण तू सांग.

शिवहार


सिद्धेश्वर
१२ डिसेंबर २००१

मामा, नमस्कार.

बाबांना पाण्यापासून लांब ठेवायचं काम माझ्यावर सोडा. सूट मात्र पाहिजेच. पाचचा द्या, बाहेरून गुळगुळीत असलेला. एका बुडीनं काम होत नाही, दहा-बारा वेळा खाली जावं लागतं आणि तिसऱ्या बुडीलाच बोटं आखडतात. तेव्हा जो सगळ्यांत गरम तोच बरा.

माप पाठवते आहे. इथं टेप नव्हता म्हणून दोरे कापले. प्रत्येकाला चिठ्ठी बांधली आहे, छाती, कंबर, बसायचा घेर, मांडी, दंड, गळा. उंचीचा दोरा लांबडा आहे तो.

रागिणी


माझगाव, मुंबई
२७ डिसेंबर २००१

चि. रागिणी,

दोरे मिळाले. टेबलावर टेपला लावून बघितले आणि माझं कामावरून लक्षच उडालं. दाजींना काय झालंय? खरं काय ते लिही. माझ्या लग्नात मीच त्यांचा सदरा शिवला होता, ती छाती केवढी होती आणि आता केवढी आली. कंबर तर कॉलेजच्या पोरीसारखी. आणि कंबर एवढी बारीक असताना खाली मांडीला आणि बसायला घेर कसा मोठा आला? पाय सुजलेत का? सूज साधी नसते गं. इथं आमच्या चाळीतल्या मोहनसिंगच्या वडिलांना अशीच सूज आली होती, तो किडनीचा विकार निघाला. हिंगोलीत नुसता कान दाखवून काय उपयोग? नांदेडला न्या.

उंचीही तीन बोटं कमी भरली. माणूस आजारानं वाळतो, पण बुटका होतो असं काही मी ऐकलेलं नाही. दोरा ओला होऊन आटला असेल.

मालकांना विचारून उरलेल्या शीटमधून सूट बेतला. निओप्रिन पाचचं, बाहेरून गुळगुळीत, तू म्हणालीस तसं. हा सूट अंगाला घट्टच लागतो, पण छातीत आणि कंबरेत मी मुद्दाम चांगली ढील ठेवली आहे. आजच्या मापाला शिवला आणि दाजी उद्या बरे होऊन अंगानं भरले तर काय करायचं? आपल्याकडं वडीलमाणसाला तंग कपडा शिवतात का कधी? मालक ओरडले, मी म्हटलं, माझे मेव्हणे आहेत, मला माहीत आहे.

प्रेमसिंग ड्रायव्हर औंढ्यापर्यंत आणून देईल. दाजींना माझा नमस्कार सांग आणि त्यांना दूध दे.

शिवहार


सिद्धेश्वर
२१ जानेवारी २००२

मामा, नमस्कार.

बाबा वाळलेले नाहीत. पाय सुजलेले नाहीत. दोन वेळा भाकरी खातात आणि अंगणात बसून मला शिव्या घालतात. ते माप माझं आहे.

तुम्हाला वाटत असेल, बाबा बुडी मारतात आणि रागिणी काठावर कपडे सांभाळते. मी दहावीत असल्यापासून त्यांच्याबरोबर जाळी सोडवते आहे. दोन वर्षं झाली, अवघड जागी मीच जाते. बाबांपेक्षा माझा श्वास जास्त टिकतो, हे ते स्वतः सांगतात, फक्त घराबाहेर सांगत नाहीत. बाबांना पाण्यापासून लांब ठेवायचं तर त्यांच्या जागी कुणीतरी उतरायला हवं. आपल्या घरात मी सोडून कोण आहे? पण साडीत किंवा सलवारीत उतरलं की बाभळीचा प्रत्येक काटा कापड धरतो. म्हणून सूट पाहिजे होता. खरं लिहिलं असतं तर तुम्ही दिला नसता, म्हणून लिहिलं नाही.

आता सूटचं ऐका. पहिल्यांदा घालून उतरले तर खालीच जाता येईना. पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला डबा बांधतात तशी मी वर तरंगत राहिले. बाबा काठावर हसून हसून खोकायला लागले. मग त्यांच्या पद्धतीनं दगड धरून खाली गेले, तर कंबरेत तुम्ही ठेवलेल्या ढिलाईतून गार पाणी आत शिरलं आणि हलले की पाठीवरून वाहायला लागलं. बाबांसाठी ठेवलेली जागा पाण्यानं घेतली. तिसऱ्या बुडीला मांडीपाशी काटा लागला आणि गुळगुळीत रबर वीतभर फाटलं. चूक तुमची नाही. मी तळ बाभळींचा आहे हे माहीत असून गरम तेवढंच बघितलं आणि माप दुसऱ्याच्या नावानं पाठवलं.

माझ्या मापाचा एक शिवून द्या. दोन्ही बाजूंना कापड असलेला, आणि तंग.

रागिणी


माझगाव, मुंबई
२ फेब्रुवारी २००२

रागिणी,

मी महिनाभर दाजींच्या किडनीची काळजी करत होतो. चाळीतल्या लोकांनाही सांगून बसलो. असो.

दुसरा सूट मी देणार नाही. इथं पाण्याखाली जाणाऱ्या माणसाला वरून हवा मिळते, बोटीवर दोघं उभे असतात, तरी दर वर्षाला एखादी वाईट बातमी येतेच. तू फक्त एका श्वासावर जाणार आणि तेही काट्यांच्या जंगलात. माझ्या हातानं शिवलेल्या कपड्यात तू खाली राहिलीस तर अक्काला मी तोंड कसं दाखवू? ती तुझ्यासाठी स्थळं बघते आहे. तिला यातलं काही माहीत नसणार, नाहीतर तिनंच तुला घरात कोंडलं असतं. सोसायटीला सांग, बाहेरून माणूस आणा. फाटलेला सूट चुलीत घालू नकोस, रबराचा धूर वाईट.

मामा


सिद्धेश्वर
१२ मार्च २००२

शिवहारा,

मी पंचफुला. पोस्टातले तातेराव लिहून देऊन राहिलेत. रागिणीला ठाऊक न्हाई.

पोरीनं तुला काय काय लिवलं ते मला आता कळलं. मी आधी लई आदळआपट केली. तो तुझा काळा सूट दोरीवर वाळत बघितला तवा वाटलं का कुणी मानूसच लटकवला. म्हनलं, असलं अंगाला चिकटलेलं घालून पोरगी चार मानसांत जाणार आन् मग तिला कोन करून घेणार?

मागल्या आठवड्यात एक म्हैसवाला बुडाला. लोक दाराशी आले. तुझे दाजी उठले. मी म्हनलं, कानाची तकलीफ हाय, जाऊ नगा. त्यायनी ऐकलं न्हाई. बुडी मारली ती वर येयनात. रागिणीनं अंगावरच्या साडीसकट उडी घेतली. दाजी खाली चिखलाकडं तोंड करून हात मारून राहिले व्हते, त्यायला वाटत व्हतं का आपुन वर चाललो. पोरीनं त्यायला ढकललं आन् तिचीच साडी बाभळीत गुतली. शिवहारा, दाजी वर आले आन् पोरगी येईना. म्या काठावर उभी. ती साडी फेडून टाकून वर आली. तिला म्या माझ्या पदरात घेतलं. लोकायनी तोंडं फिरिवली, चांगले लोक हायत. म्हैसवाला तिसऱ्या दिशी आपसूक वर आला.

पोरगी जायची थांबणार न्हाई. दाजीबी थांबणार न्हाईत, ती गेली न्हाई तर. म्या दोघायला किती दिवस धरून ठिवू? तवा तू काहून अडून बसला? सूट शिव, बराबर तिच्या मापाचा शिव. लाजेचं काय ते म्या बघून घेईन.

तुझी अक्का


माझगाव, मुंबई
४ एप्रिल २००२

चि. रागिणी,

अक्काचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन पहिल्यांदा तुझे दोरे शोधले. टाकून दिले नव्हते. या वेळी दोऱ्याच्या मापापेक्षाही थोडा कमी बेतला आहे, कारण हे कापड ताणतं. तुला वाटेल मामानं सूड घेतला. नाही, असाच असतो.

निओप्रिन तीनचं, दोन्ही बाजूंना कापड. पाचच्यात बुडबुडे जास्त, म्हणून तर तू तरंगलीस. सोडवायला, वाकायला तीनचा बरा आणि तुमच्या पाण्याला पुरतो. गुडघ्यांवर, मांड्यांवर आणि कोपरांवर आणखी एक थर चिकटवला आहे. काटा लागला तर कापड थोडं धागे सोडील, पण चिरत जाणार नाही. वरचा आणि खालचा भाग वेगळा ठेवला, पाठीला चेन दिली नाही. चेनमधून पाणी येतं आणि ती झाडात अडकते. घालताना साबणाचं पाणी आतून लाव, नाहीतर तासभर झटापट करशील.

दाजी बुडी मारायच्या आधी अंगाला करडईचं तेल चोळतात, मला आठवतं. तू चोळू नकोस. तेलानं शिवणीवरचा गोंद सुटतो. उन्हात वाळवू नकोस, सावलीत.

वजनाला जाळ्याची शिसं ओवून कंबरेचा पट्टा कर. छाती भरून श्वास घेतल्यावर डोळे पाण्याच्या वर राहायला हवेत. त्याच्यापेक्षा जास्त शिसं बांधायचं नाही, कारण खोल गेल्यावर बुडबुडे दबतात, सूट पातळ होतो आणि माणूस आपोआप जड होतो. पट्टा एका हाताच्या झटक्यानं सुटला पाहिजे, गाठ नको. दाजींनी वरून दोर धरायचा, त्यांनी पाण्यात उतरायचं नाही. एकटी कधी जाऊ नकोस. हे मी रागावून नाही, हात जोडून सांगतो.

मागच्या पत्रात मी बाहेरून माणूस आणा म्हणालो. ते मी घाबरून लिहिलं. अजूनही घाबरलेलाच आहे.

मामा


सिद्धेश्वर
१५ डिसेंबर २००२

मामा, नमस्कार.

मध्ये फक्त दोन कार्डं टाकली, सूट मिळाला आणि सूट बसला, एवढीच. तुम्ही रागावला असाल. सांगण्यासारखं फार नव्हतं. जाळी अडकत होती, मी सोडवत होते, बाबा दोर धरत होते. पहिले काही दिवस पोरं बघायला यायची, मग त्यांनाही कंटाळा आला. सूटला फक्त धागे सुटलेत. सोसायटीचं काम बाबांच्या नावावरच आहे, पण माणसं आता सांगायचं ते मलाच सांगतात.

बुडालेल्यासाठी मात्र कुणी माझं नाव घेत नव्हतं. त्याला लोकांना बाबाच लागायचे. त्या म्हैसवाल्यानंतर सुदैवानं तशी वेळच आली नव्हती. परवा आली.

वरच्या अंगाच्या एका वस्तीवरची चांगुणा नावाची बाई धुणं धुताना घसरली. माझ्याच वयाची. दुपारी तिच्या घरचे, पोलीसपाटील आणि वीस-पंचवीस माणसं दाराशी येऊन उभी राहिली. नेहमीसारखी हाक आली, "मसाजी, चला." बाबा उठले. मी म्हटलं, मी जाते. पोलीसपाटील हनुमानराव म्हणाले, "पोरीला कसं धाडावं? मुडदा काढायचं काम हाय ते." बाबांनी पायात चप्पल घातली. चप्पल घालून बाबा कधी बुडीला जात नाहीत, हे मी एकटीनंच ओळखलं असेल.

मग मागून चांगुणाची आई पुढं आली. म्हणाली, "पाण्यात लेकराच्या अंगावर कापड राह्यलंय का न्हाई, देव जाणे. एवढ्या मानसांत तिला बाईमानसानंच आनू द्या." पोलीसपाटील बाजूला सरले. आमच्या आईनं दोरीवरचं तिचं लुगडं ओढलं, माझ्या हातात दिलं आणि सूट घालायला मला आत नेलं. साबणाचं पाणी तिनंच लावलं.

पाचव्या बुडीला सापडली. बाभळींत नव्हती, त्यांच्या पलीकडं उतारावर होती. अंगावर फारसं काही राहिलं नव्हतं. लुगडं वर जाऊन आणलं आणि खालीच तिच्याभोवती गुंडाळलं. पाण्याखाली लुगडं गुंडाळणं सोपं नाही मामा, ते पसरत जातं. तीनदा वर येऊन श्वास घ्यावा लागला. नीट झाल्यावर दोर बांधला आणि बाबांना खूण केली. वर आली तेव्हा तिचं फक्त तोंड दिसत होतं. पोलीसपाटलांनी डोक्यावरची टोपी काढली. घरी परतताना ते बाबांना म्हणाले, "मसाजी, आता हाक कुनाला मारायची?" बाबांना त्या कानानं ऐकू आलं की अंदाजानं कळलं, कोण जाणे. ते म्हणाले, "रागिणीला मारा."

हे सगळं तुम्हाला आनंद व्हावा म्हणून लिहिते आहे, पण मला आनंद झालेला नाही. परवापासून एकच गोष्ट डोळ्यांसमोर आहे, ती कुणाला तरी सांगायला हवी.

तिला वर घेतल्यावर तिची आई माझ्यापाशी येऊन बसली. रडणं संपलं होतं. माझी बोटं निळी पडली होती, ती तिनं दोन्ही हातांत धरून चोळायला सुरुवात केली. चोळता चोळता तिनं विचारलं, "खाली लई गार व्हतं का गं, माय?"

मामा, तळाला फार गार होतं. सूटमध्येही माझे दात वाजत होते.

मी म्हटलं, "न्हाई मावशी. खाली ऊब व्हती."

तुमची
रागिणी